मी लढत फुकट पाहत नाही

नागपुरात कोराडी रोडवरच्या लॉनवर झालेल्या मुष्टियुद्धाच्या कार्यक्रमात केशव मुळमुळे यांनी लागू केलेली मोबाईलबंदी शंभर टक्के यशस्वी झाली. आत गेलेल्या एकाही प्रेक्षकाने एकही ठोसा चित्रित केला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापर्यंत ती लढत कोराडीपासून मिहानपर्यंत सगळ्यांनी पाहिलेली होती. पुण्यातले जावई आणि टोरोंटोतल्या भाच्या वेगळ्या.

पण हे एवढ्यात सांगायला नको होतं. गोष्ट क्रमाने सांगावी. तेव्हा असं काही घडलेलंच नाही, मोबाईलबंदी अजून कोणाच्या डोक्यातही आलेली नाही, आणि केशवराव हे कोणाच्या अध्यात ना मध्यात असे समाधानी गृहस्थ आहेत, असं धरून चालू.

केशवराव मिहानमधल्या एका गोदाम-कंपनीत मालाची कागदपत्रं सांभाळायचे आणि राहायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, झिंगाबाई टाकळीच्या स्वावलंबन सोसायटीत होते. त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य स्कूटरवर जायचं आणि उरलेलं ती कुठे लावावी या विवंचनेत. सोसायटीचे ते क्रीडा सचिव होते. क्रीडा सचिव व्हायला खेळाची आवड लागते हा एक गैरसमज आहे. निवडीच्या वेळी जागेवर नसावं लागतं. केशवराव स्कूटर बाजूला घ्यायला खाली गेले आणि सचिव होऊन वर आले.

पदाला काम असं नव्हतंच. गणपतीत लिंबू-चमचा, सव्वीस जानेवारीला संगीतखुर्ची, आणि वर्षभर समाजभवनाची किल्ली. घोळ केला तो किल्लीने.

समाजभवनात रोज संध्याकाळी ताराचंद बोरकुटे मुलींना बॉक्सिंग शिकवायचे. ताराचंदभाऊ कोराडीच्या विजेघरात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. दिवसभर पट्टा थांबू नये म्हणून झगडायचं आणि संध्याकाळी मुली थांबू नयेत म्हणून. त्यांची स्वतःची मुलगी अपेक्षा या मुलींमध्ये सगळ्यात मोठी. एकदा खालच्या मजल्यावरून तक्रार आली की वरच्या धपाधपीने फळीवरची भांडी वाजतात. सचिव या नात्याने केशवराव समज द्यायला वर गेले आणि दारातच उभे राहिले.

अपेक्षा टांगलेल्या पोत्याला ठोसा मारत होती. एकच ठोसा, डाव्या हाताचा. मारायची, थांबायची, स्वतःच्या पायांकडे बघायची, मान हलवायची, पुन्हा मारायची. चाळिशी ओलांडलेल्या केशवरावांनी अनेक कार्यालयं पाहिली होती, ठेकेदार पाहिले होते, आरशात स्वतःला तर रोजच पाहत होते. पण एखादं काम कोणी इतकं पुरतं करताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ते तसेच खाली आले आणि तक्रारदाराला म्हणाले, भांडी दुसऱ्या भिंतीला लावा.

त्या दिवसापासून केशवराव अपेक्षाचे चाहते झाले. तसं त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. नागपुरी मध्यमवर्गीय माणूस कौतुक करत नाही. पंखा दुरुस्त करून देतो. समाजभवनातला पंखा त्या आठवड्यात दुरुस्त झाला.

आता सोसायटीचे अध्यक्ष मनोहरराव. हे निवृत्त अधीक्षक होते. कशाचे, हे विचारायची हिंमत कोणाला झालेली नव्हती. त्यांच्या मनात समाजभवनात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र काढायचं होतं, म्हणजे पत्ते. एका सभेत त्यांनी सिद्धांत मांडला: ज्याला माणसं पाहायला येतात तो खेळ, ज्याला येत नाहीत तो व्यायाम, आणि व्यायाम माणसाने आपापल्या घरी करावा. मग त्यांनी फार उदारपणे संधी दिली. समोरच्या लॉनवर एक जाहीर लढत ठेवा. खुर्च्या भरल्या तर समाजभवन मुलींचं. रिकाम्या राहिल्या तर पोतं खाली उतरेल. आयोजक अर्थातच क्रीडा सचिव.

त्या वेळीही केशवराव खाली जायला निघाले होते, पण या खेपेला त्यांना कोणीतरी सांगितलं की स्कूटर नीट लागलेली आहे.

ताराचंदभाऊंनी प्रतिस्पर्धी तर जबरदस्त आणली. कळमेश्वरची रितिका, जिल्ह्याची गेल्या वर्षीची विजेती. केशवरावांच्या बैठकीच्या खोलीत, पत्नी सुहासिनीबाईंनी आणलेल्या, कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीच्या साक्षीने, नियोजनाची पहिली बैठक झाली. आणि पहिल्याच मुद्द्यावर भांडण जुंपलं. अपेक्षाचं म्हणणं, आपल्या आणि रितिकाच्या जुन्या लढतींचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकू, ही लढतही तिथे दाखवू. केशवरावांना घास अडकला.

"लोकाइले आपली फाइट दिसलीच नाही काका, तर ते येतीन काहून?" अपेक्षा म्हणाली.

"आणि घरबसल्या फुकट दिसली तर येतील कशाला?"

या दोन वाक्यांवर जगभरचे मोठमोठे आयोजक वर्षानुवर्षं भांडत आहेत, आणि अजून कोणी तिसरं वाक्य काढू शकलेलं नाही. केशवरावांची बाजू पक्की होती. परदेशातल्या मोठ्या लढती पैसे मोजल्याशिवाय कोणाला पाहता येत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. एका फुकट व्हिडिओत त्यांनी ते ऐकलं होतं. शिवाय त्यांचं हलवायाचं उदाहरण बिनतोड होतं: हलवाई चाखायला तुकडा देतो, कढई घरी पाठवत नाही.

ताराचंदभाऊंनी वडीचा तुकडा खाली ठेवला. "आमच्या गावात दंगल रायते भाऊ, कुस्तीची. झाडावर चढून फुकट पायनारे असतेत ना, तेच सगळ्यात जास्त वरडतेत. अन् त्याइचं वरडनं आयकून बाकीचं गाव तिकीट काढून येते."

"मग झाड तोडायचं," केशवराव म्हणाले.

आतून सुहासिनीबाईंनी सांगितलं की ही वडीसुद्धा आधी एक फुकट चाखली म्हणूनच आणली. हा मुद्दा विषयाला सोडून असल्याने विचारात घेतला गेला नाही. ठराव झाला: व्हिडिओ नाही, फोटो नाही, लॉनच्या दारात सगळ्यांचे मोबाईल जमा. अपेक्षा हात झटकून उठली आणि सरावाला गेली. तिचं ते उठून जाणं केशवरावांना दोन दिवस टोचत राहिलं, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

तत्त्व लोकांना कळावं म्हणून त्यांनी फ्लेक्स लावला. आता बॉक्सिंगच्या फ्लेक्सवर बॉक्सर असतात. पण फ्लेक्स रस्त्यावर असतो, रस्ता फुकट असतो, म्हणजे अपेक्षाचा चेहरा फुकट दिसणार. केशवराव तर्काला घाबरणारे नव्हते. फ्लेक्सवर फक्त केशवराव होते: उजवा तळहात वर, चेहऱ्यावर निर्धार, आणि खाली ठळक अक्षरात, "मी लढत फुकट पाहत नाही. आजन्म पाहणार नाही. – केशव मुळमुळे". लढत कुठे आणि केव्हा, हे अगदी खाली, दुभाजकातल्या कण्हेरीच्या मागे आलं.

परिणाम ताबडतोब झाला. एका गृहस्थाने वॉर्डातून उभं राहिल्याबद्दल केशवरावांचं अभिनंदन करून तुंबलेल्या गटारीचं काय करणार ते विचारलं. दूधवाल्याने लांबून फक्त फोटो पाहिला, हात जोडले आणि आपण होऊन घरचं दूध निम्मं केलं. दारात केशवराव स्वतः पातेलं घेऊन आले तेव्हा त्याच्या हातातलं माप पडलं. लढत मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही.

तिकिटांचं तर विचारूच नका. नागपुरात तिकीट ही परक्या माणसाने काढायची वस्तू आहे, ओळखीच्याला पास. आणि नागपुरात परका माणूस सापडणं फार कठीण. पहिल्यांदाच भेटलेला माणूसही पाचव्या मिनिटाला केशवरावांच्या मावसभावाच्या वर्गात निघायचा. सल्ला मात्र सगळे द्यायचे. कोणी म्हणे, लढतीआधी हळदीकुंकू ठेवा, बायका हमखास येतात. कोणी म्हणे, लढणाऱ्या मुलींना लढताना बोलायला सांगा, नुसतं मारलं की गोष्ट समजत नाही. पास मिळाला तर येऊन पाहतो, असं वचन मात्र प्रत्येकाने दिलं.

मग परवानग्या. एका कार्यालयात सांगितलं की मैदान असेल तरच खेळाची परवानगी मिळते, लॉन हे मैदान नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितलं की लॉनवर काहीही करा, पण आधी पहिल्या कार्यालयाची परवानगी आणा. तिसऱ्या ठिकाणच्या साहेबांनी मारामारीचं प्रयोजन काय, हे लेखी मागितलं. केशवराव रजा टाकून टाकून थकले आणि शेवटी लॉनच्या मॅनेजरसमोर, नत्थूसमोर, जाऊन बसले.

नत्थूने सगळं शांतपणे ऐकलं. "साहेब, दोन मानसं एकमेकाले मारनार असन तर परमिशन लागते. लगन करनार असन तर नाई लागत. आमच्याकडे लगनाचं पॅकेज हाय. त्याच्यात बसवून टाकू."

इथे वाचकांना एक जुनाच विनोद सुचला असेल. नत्थूने तो केला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. तो गंभीर माणूस होता. पॅकेजमध्ये काय काय येतं ते त्याने एका दमात म्हणून दाखवलं: फुलांची सजावट, सनई, दोन खोल्या, औक्षण, पाकळ्या उडवायचं मशीन, शूटिंग, लाइव्ह, चहा. केशवरावांचा जीव खुर्च्यांत अडकला होता. खुर्च्या आहेत ना, एवढंच त्यांनी विचारलं. भरपूर आहेत, नत्थू म्हणाला. मग दोन्हीकडची नावं विचारली. केशवरावांनी अपेक्षा आणि रितिका सांगितली. लाल कोपरा वधूपक्षाच्या खोलीत बसला, निळा कोपरा वरपक्षाच्या. शेवटी नत्थूने घरातल्या एखाद्या बाईमाणसाचा नंबर मागितला, काही पाठवायचं झालं तर. केशवरावांचा स्वतःचा मोबाईल त्या दिवशी नियमाप्रमाणे जमा असणार होता. त्यांनी सुहासिनीबाईंचा दिला.

लढतीची संध्याकाळ उजाडली, म्हणजे मावळली. स्टेजवरच्या राजाराणीच्या खुर्च्या काढून ताराचंदभाऊंनी तिथे दोर ताणले होते. चारही खांबांना झेंडू, मागे थर्माकोलचे मोर. नत्थूच्या माणसांनी पॅकेजमधलं काहीही वगळायला नकार दिला. रितिका आणि तिला शिकवणारे तिचे मामा दारात आले तेव्हा सनई सुरू झाली, पायावर पाणी पडलं आणि निरांजन फिरलं. मामा आधी गांगरले. पण आपण वरपक्ष आहोत हे एकदा लक्षात आल्यावर पुढच्याच क्षणी त्यांनी, चहा आधी तिकडच्या खोलीत का गेला, हे विचारलं.

केशवराव मुख्य दारात उभे होते. शेजारी रुखवताची मोठी टोपली, मोबाईल जमा करायला. टोपलीत एकच मोबाईल होता, त्यांचा. सोसायटीतल्या लहान मुलींच्या प्रदर्शनीय लढती सुरू झाल्या आणि आत खुर्च्या पांढऱ्याशुभ्र, सॅटिनचे बो बांधून, ओळीने रिकाम्या. मनोहरराव तर पाहणीलाही आले नव्हते. त्यांना आकडा ठाऊकच असावा.

हातात पट्ट्या गुंडाळलेली अपेक्षा एकदा दारापर्यंत आली. तिने खुर्च्या पाहिल्या, रस्ता पाहिला, टोपली पाहिली. केशवरावांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं. त्यांनी पंखा हवा का विचारलं.

"नको काका," ती म्हणाली. "मी दोघातिघांसमोर बी तसंच मारते."

ती आत गेली आणि केशवरावांना वाटलं की आपण एका पोरीचं पोतं खाली उतरवलं आणि वर स्वतःचा फ्लेक्स लावला.

याच सुमाराला पॅकेजमधलं 'लाइव्ह' सुरू झालं.

लाइव्ह म्हणजे काय हे केशवरावांना नंतर कळलं. लॉनचं लग्न जसंच्या तसं इंटरनेटवर दिसतं, दूरच्या नातेवाइकांसाठी, फुकट. पडद्याच्या कडेने गुलाब, वर "शुभविवाह", खाली अपेक्षा आणि रितिका ही नावं आणि त्यांच्यामध्ये धडधडणारा बदाम. त्याची लिंक नत्थूने ठरल्याप्रमाणे सुहासिनीबाईंना पाठवली. त्यांना वाटलं, यजमानांना उशिरा का होईना शहाणपण सुचलं. त्यांनी ती सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, महिला मंडळात टाकली, माहेरच्या ग्रुपवर टाकली, आणि तिथून ती कोणाच्याच हातात राहिली नाही. अमरावतीच्या आत्यांनी नावं दोनदा वाचली, आजकाल असतं म्हणाल्या, दोघी सुखात राहोत असा आशीर्वाद पाठवला. मग एकीने दुसरीच्या नाकावर ठोसा ठेवून दिला तेव्हा मात्र त्यांनी माणसं सोडवायला पाठवा म्हणून फोन केला.

दारात आधी एक स्कूटर आली. मग तीन. मग नुसती रांग. काहीजण जेवण असेल म्हणून आले होते, हे मान्य केलं पाहिजे. लग्न आहे म्हटल्यावर तसं समजायला जागा होती. पण बहुतेकजण घरी पाहता पाहता उठून आले होते. कोणाच्या हाताला वरणभात लागलेला. एका बाईंच्या हातात झारा होता; तोही जमा करू का, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांच्या मोबाईलवर लढत चालूच होती, मान खाली घालून पाहत पाहतच ते दारापर्यंत येत आणि तिकीट द्या म्हणत. पास कोणी मागितला नाही. पास मागायला वेळ नव्हता.

केशवरावांना काही उमजेना, पण नियम उमजत होता. ते मोबाईल घ्यायचे आणि टोपलीत ठेवायचे. ठेवताना पडद्यावर काहीतरी लाल-निळं हललेलं दिसलं तेव्हा त्यांनी तो झटकन पालथा घातला. मग प्रत्येकच मोबाईल पालथा. थोड्याच वेळात टोपली भरली आणि बोलू लागली. आत ठोसा बसला की आधी पाठीमागून आवाज यायचा, आणि काही क्षणांनी तोच ठोसा टोपलीतून पुन्हा, सनईसकट.

सुहासिनीबाई घाईघाईने आल्या.

"अहो, लिंक बरी पाठवलीत. सगळीकडे टाकली मी."

"फुकट?" केशवरावांचा आवाज फाटला.

"मग लग्नाचं तिकीट काढतात होय?" असं म्हणून त्यांनी आपला मोबाईल टोपलीत टाकला, तिकीट काढलं आणि आत गेल्या.

पहिल्या फेरीत अपेक्षा पडली, हे केशवरावांना आवाजावरून कळलं. आख्खं लॉन एकदम 'अरेरे' म्हणालं आणि लगेच पाकळ्यांचं मशीन भरभरलं. ते चालवणाऱ्या माणसाला कोणीतरी खाली बसलं की मशीन सुरू करायचं एवढंच माहीत होतं. टोपलीतही अपेक्षा पुन्हा एकदा पडली. मग दोन्हीकडून ताराचंदभाऊंचा आवाज आला, "ऊठ वं माय, ऊठ," आणि मग जो गलका झाला त्यावरून ती उठली.

दुसऱ्या फेरीबद्दल केशवराव एवढंच सांगू शकतात की आधी पोरीला मारताहेत म्हणून हळहळणाऱ्या बायका त्या फेरीत पोरीने कुठे मारावं हे सांगू लागल्या. खुर्च्या सरकल्याचा, पडल्याचा, कोणी त्यावर चढल्याचा आवाज येत होता. मध्येच एक म्हातारा गृहस्थ बाहेर आला, डोळे पुसत. काय झालं विचारलं तर म्हणाला, दोघी कशा लढून राहिल्या, एकीनंही मान खाली नाही घातली. एवढं सांगून तो परत आत पळाला.

केशवरावांनी मान वळवायचा प्रयत्न फार केला. पण मान वळली की कोणीतरी मोबाईलसकट आत घुसायचं. तिसऱ्या फेरीची घंटा झाली तेव्हा त्यांच्याने राहवेना. नियम गेला खड्ड्यात म्हणून ते आत निघाले. पण इतक्या लोकांचे मोबाईल असे उघड्यावर टाकून कसे जायचे? त्यांनी टोपली उचलून काखेत मारली आणि चार पावलं टाकली. समोर त्यांच्याच हस्ताक्षरात पाटी होती: यापुढे मोबाईल नेण्यास सक्त मनाई. आणि काखेत सनई वाजवणारे, लढत दाखवणारे ढीगभर मोबाईल. केशवराव उभे राहिले. आजवर त्यांनी ज्यांना अडवलं ते सगळे त्यांच्या डोळ्यांसमोरून गेले. ते मागे फिरले आणि टोपली जागेवर ठेवून तिच्यापुढे उभे राहिले.

तेवढ्यात रस्ता ओलांडून मनोहरराव येताना दिसले. बनियन, लुंगी, एका पायात चप्पल. घरच्या मोठ्या टीव्हीवर ते पहिल्या फेरीपासून पाहत होते आणि तिसरी त्यांना तिथे सोसवली नाही. त्यांनी तिकिटाचे पैसे केशवरावांच्या हातात कोंबले.

"केशवराव, खुर्ची," ते धापा टाकत म्हणाले.

केशवरावांनी आयुष्यात फार थोडी वाक्यं इतकी सावकाश उच्चारली असतील. "साहेब, आत एकही खुर्ची रिकामी नाही."

मनोहररावांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मग ते लुंगी सावरत आत गेले आणि कारंज्याच्या कठड्यावर चढले.

पुढचं असं झालं की आतला आवाज अचानक बंद पडला. इतकी माणसं एकदम गप्प झालेली केशवरावांनी फक्त निकालाच्या वेळी ऐकली होती. मग एक ठोसा. एकच. तो त्यांनी ओळखला. समाजभवनाच्या दारात उभं राहून ऐकलेला तोच, डाव्या हाताचा. त्याच्यामागून अशी आरोळी उठली की झेंडूच्या माळा हलल्या. पाकळ्या उडाल्या. आणि केशवराव टोपलीजवळ वाकून श्वास रोखून थांबले, तर काही क्षणांनी तिथेही सगळं गप्प झालं, आणि तोच ठोसा पुन्हा बसला.

अपेक्षा जिंकली. अगदी थोडक्यात, पंचांमध्ये एकमत नसताना, पण जिंकली. रितिकाने तिचा हात स्वतः वर केला, मामांनी मानपान विसरून ताराचंदभाऊंना मिठी मारली, आणि मनोहररावांनी कठड्यावरूनच जाहीर केलं की समाजभवन मुलींचं आणि पत्ते त्यांच्या घरी. लोक बाहेर पडताना टोपलीतून आपापले मोबाईल घेत केशवरावांचा हात हातात घेऊन दाबत होते. असा कार्यक्रम झाला नाही म्हणाले. फुकट दाखवायची कल्पना तुमचीच ना, असंही विचारलं.

सगळे गेल्यावर अपेक्षा आली. एक डोळा सुजून मिटलेला, केसांत गुलाबाच्या पाकळ्या, आणि दुसऱ्या डोळ्यात केशवरावांनी कधी न पाहिलेला उजेड.

"काका, माहा डावा कसा बसला?"

"उत्तम," केशवराव म्हणाले. "फारच उत्तम."

तिने उघड्या डोळ्याने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमी पायलाच नाई."

तिला राग आला नव्हता, ते जास्त अवघड होतं. ती हसली, सुजलेल्या ओठाने जेवढं जमलं तेवढं, आणि म्हणाली, "व्हिडिओ हाय ना काका. पाहून घ्या. अन् मंग मले सांगा."

हाच तर प्रश्न होता. व्हिडिओ होता. सगळ्यांकडे होता. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने तो डावा ठोसा माप हातात धरून करून दाखवला आणि या खेपेला दूध पूर्ण घातलं. ऑफिसात साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, ती तिसऱ्या फेरीतली मुलगी तुमच्या सोसायटीची का हो? लिफ्टमध्ये, पेट्रोलपंपावर, भाजीच्या गाड्यावर लोक त्या ठोशाबद्दल बोलत, आणि प्रत्येक जण केशवरावांकडे वळून म्हणे, तुम्ही काय, तुम्ही तर तिथेच होता. केशवराव मान डोलवत. रोज घरी येताना वाटेत ते फ्लेक्सवर स्वतःलाच भेटत, तळहात वर करून. रात्री जेवताना सुहासिनीबाईंनी तोड काढली: आयोजक तुम्हीच, स्वतःलाच पैसे द्या आणि पाहा. केशवरावांनी यावर वरण थंड होईपर्यंत विचार केला. पण एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकणं म्हणजे फुकटच. आणि आजन्म म्हणजे आजन्म.

संध्याकाळी समाजभवनातून धपाधप ऐकू येते. केशवराव हल्ली वर जात नाहीत. ती विचारेल, आणि ते तिला खोटं सांगू शकत नाहीत.

शेवटी त्यांनी अर्ज केला. तो सर्व संबंधितांना पोचला आहे आणि सर्व संबंधितांनी तो पुढच्या संबंधितांकडे पाठवला आहे. कळमेश्वरहून आलेल्या उत्तरात रितिकाने फक्त एक हसणारा चेहरा पाठवला. त्याचा कार्यालयीन अर्थ अद्याप लागलेला नाही. अर्ज असा:

"महोदय, विषयांकित मुष्टियुद्धाची लढत संपूर्ण शहराने पाहिलेली असून सदर लढत पाहण्यापासून वंचित राहिलेला अर्जदार हा एकमेव नागरिक आहे. सबब, सदर लढत, प्रथम फेरीतील पडणे व तृतीय फेरीतील डावा ठोसा यांसह, मूळ क्रमाने, मूळ जोराने व मूळ ठिकाणी जशीच्या तशी, अर्जदाराच्या सोयीच्या रविवारी पुनश्च खेळवण्यात यावी, ही नम्र विनंती. अर्जदार रीतसर तिकीट काढून येईल. पास मागणार नाही."